चंपाकाकीने वाचलेल्या मत्स्यकन्या

मत्स्यकन्यांबद्दल चंपाकाकीची पहिली तक्रार शेपटीची होती. तिने पुस्तक माझ्या टेबलावर उघडं ठेवलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि चित्रातल्या धाकट्या मत्स्यकन्येच्या शेपटीवर बोट टेकवलं. माशाची शेपूट उभी असते, तिने मला समजावलं, आणि मासा ती डावी-उजवीकडे हलवतो. डॉल्फिनची शेपूट आडवी असते, ती वरखाली हलते, पण डॉल्फिनला खवले नसतात. या बाईला खवलेही आहेत आणि शेपूटही आडवी आहे. चित्रकाराने दोन्हींपैकी काय ते एकदा ठरवायला हवं होतं.

"चाळीस वर्षं मासळी कापली मी," ती म्हणाली. "अशी पाटीत आली असती तर परत पाठवली असती."

मी तेव्हा डहाणूतल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. नवऱ्याची रेल्वेतली नोकरी, त्यामुळे आम्ही सांगलीकडून थेट इथे येऊन पडलेलो. समुद्र मी तोवर शाळेच्या सहलीत एकदाच पाहिलेला, आणि मासा कुठल्या बाजूने शेपूट हलवतो याचा विचार आमच्या घरात कुणीच केलेला नव्हता. मी आपली मान डोलावली. काकीच्या बाबतीत मान डोलावणं हे माझं मुख्य काम होतं. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील, पण कुठल्याही पुस्तकात मासा दिसला की मी अजून आधी त्याची शेपूट बघते.

ती वाचनालयात आली ती वाचायला नव्हे. शेजारी डोळ्यांचा दवाखाना होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तपासणीला आली, तर तिथला पंखा बंद. म्हणून ती सरळ आमच्या वाचनकक्षात येऊन पंख्याखाली बसली. लुगड्याचा काष्टा, केसात अबोलीची वेणी, डोळ्यावर हिरवा चष्मा. आमचे कार्यवाह सावे सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. नियमाला पक्के. त्यांनी भिंतीवर पाटी लावली होती: 'वाचकांखेरीज येथे कोणी बसू नये.' त्यांनी त्या पाटीकडे बोट दाखवलं. काकीने हिरवा चष्मा काढला, डोळे बारीक केले आणि अक्षर अक्षर लावत पाटी मोठ्याने वाचून काढली.

"वाचली," ती म्हणाली. "आता बसू का?"

काकी बसली, आणि पुढची सहा वर्षं रोज दुपारी येऊन बसत राहिली.

सभासदत्वाचा अर्ज मीच भरला. शिक्षण सातवी. व्यवसाय काय लिहू, असं विचारलं तर म्हणाली, आधी मासळी विकत होते, डहाणूच्या बाजारात ओली आणि पावसाळ्याआधी पार गंजाडपर्यंत सुकी. आता गुडघे गेले. आता वाचन. मी 'वाचन' लिहिलं. सावे सरांनी ते खोडून 'गृहिणी' केलं. दुसऱ्या दिवशी काकीच्या ते नजरेस पडलं. घरात भाकरीपासून भांड्यांपर्यंत सगळं सून करते, मी कसली गृहिणी, असं म्हणून ती सरांच्या टेबलापुढे उभी राहिली ती हटेचना. शेवटी सरांनी लाल शाईने 'गृहिणी' खोडून पुन्हा 'वाचन' लिहिलं आणि बाजूला सही केली. तो अर्ज मी पुढे कितीतरी जणांना दाखवला आहे.

मी तिला सुरुवातीला अहो-जाहो करायचे, ते तिला टोचायचं. तुम्ही म्हणायला मी काय तहसीलदार आहे का, म्हणायची. मग मी तू म्हणू लागले. ती मला पोरी म्हणायची. घरी ती मांगेल्यांची, म्हणजे तिकडच्या मच्छीमारांची, बोली बोलायची, गिऱ्हाइकांशी निम्मं आयुष्य गुजराती, आणि आमच्याशी मराठी. पण पुस्तकावरचा निकाल मात्र नेहमी तिच्या खास शब्दांत असायचा. चांगलं पुस्तक 'सारू'. वाईट पुस्तक 'बर्फातलं'. म्हणजे वरून चकचकीत, पण शिळं.

पुस्तक निवडताना ती पहिलं पान कधीच बघायची नाही. मधूनच उघडायची. पाटीच्या वरच्या थरात सगळेच चांगले मासे लावतात, तिने मला सांगितलं होतं, मधला उचलून बघायचा असतो. एकदा एक गाजलेली प्रेमकादंबरी तिने दोन दिवसांत परत आणली. काय झालं, विचारलं तर म्हणाली, हा माणूस कामाला कधी जातो? दोनशे पानं झाली, एकदा प्रेमात पडला, एकदा आजारी पडला, दोनदा डोंगरावर जाऊन आला; पण याची नोकरी कुठे आहे, जेवण कोण घालतं, काही पत्ताच नाही. ती कादंबरी माझी आवडती होती. त्यानंतर मला ती पहिल्यासारखी वाचता आली नाही.

तर ते मत्स्यकन्यांचं पुस्तक. मुंबईला राहायला गेलेल्या एका कुटुंबाने आम्हाला खोकंभर पुस्तकं भेट दिली, त्यात ही चित्रकादंबरी निघाली. मोठ्या आकाराची, जाड गुळगुळीत कागदाची, पानोपानी रंगीत चौकटी आणि तोंडापाशी संवादाचे फुगे. मी ती बालविभागात लावायला निघाले होते. काकीने मधूनच हात घालून ती काढून घेतली.

चौकटी कशा वाचायच्या हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मला ते सांगायचं सुचलं नाही. तिने पहिली वीस पानं डावीकडून उजवीकडे न वाचता वरून खाली वाचली. त्यामुळे तिच्या गोष्टीत धाकट्या मत्स्यकन्येचं आधी लग्न झालं, मग तिला तो मुलगा आवडला, आणि सगळ्यात शेवटी त्याची तिची भेट झाली. चूक कळल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून सरळ वाचलं आणि आपलं मत दिलं की पहिली गोष्ट जास्त खरी होती. तिचं स्वतःचं लग्न त्याच क्रमाने झालं होतं.

मूळ गोष्ट अशी. तीन बहिणी समुद्राच्या तळाशी राहतात. धाकटी एका खलाशासाठी जमिनीवर जाते, मधली तिला शोधायला नावेतून फिरते, आणि थोरली घर सांभाळत खालीच राहते. काकीने हे पुस्तक दीड महिना घरी ठेवलं, दर आठवड्याला मुदत वाढवून घेतली आणि रोज येऊन मला हप्त्याहप्त्याने आपल्या शंका सांगितल्या. तिघींपैकी एकीनेही वेणी घातलेली नाही. खाऱ्या पाण्यात मोकळे केस दोन दिवसांत काथ्यासारखे होतात. शिवाय अख्ख्या पुस्तकात तिघी एकदाही जेवत नाहीत. जेवत असतील तर काय खातात? मासे खाल्ले तर ते नात्यातलेच पडणार, आणि शेवाळ खाऊन कुणी एवढं अंगाने भरत नाही.

समुद्राच्या रंगावर तर तिने सबंध दुपार घालवली. पुस्तकातलं पाणी निळंशार होतं. आपला समुद्र चहाच्या रंगाचा, ती म्हणाली. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तर स्वतःचे पाय दिसत नाहीत. मला वाटलं, आता ही मत्स्यकन्या खोट्या ठरवणार. पण तिने उलटंच काढलं. निळ्या पाण्यात त्या असत्या तर आजवर कुणालाही दिसल्या असत्या. असल्याच तर त्या आपल्याकडेच असणार. चहाच्या पाण्यात कोण बघायला जातंय?

या सगळ्यात एकच तक्रार तिने हसत केली नाही. धाकटी मत्स्यकन्या जमिनीवर येते तेव्हा एका चित्रात ती गाडीत बसलेली आहे. डबा माणसांनी भरलेला, आणि सगळे तिच्याकडे कौतुकाने बघताहेत. काकीने त्या चित्रातली माणसं मोजली. मग म्हणाली, ही समुद्रातून आली, हिच्या अंगाला वास येत असणार. गंजाडच्या एस.टी.त ती चाळीस वर्षं बसली. पाटी टपावर टाकली तरी हाताचा वास कुठे टाकणार? दोघांच्या बाकावर ती कायम एकटीच बसली.

"खिडकी नेहमी मला मिळायची," ती म्हणाली. "वाईट काहीच नव्हतं. पण या पोरीच्या शेजारी एवढी माणसं बसलेली बघून बरं वाटलं बघ."

दीड महिन्याने पुस्तक परत आलं. मी पानं तपासत होते आणि शेवटाकडच्या एका जोडपानावर थांबले. या जोडपानाचं चित्र मी आधी पाहिलं होतं. मधली बहीण नावेत ओणवी झालेली, थोरली पाण्याखाली मान वर करून बघतेय, दोघींच्या मध्ये पाण्याची रेघ. वर तीन फुगे, खाली तीन फुगे, आणि सहाही फुगे कोरे. मत्स्यकन्यांचं आपसातलं बोलणं माणसांना ऐकू येत नाही, म्हणून चित्रकाराने ते रिकामे सोडले होते. आता वरच्या तीन फुग्यांत पेन्सिलीने अक्षरं होती. सातवीतल्या मुलीची असावीत तशी गोल, दाबून काढलेली.

'आईने शेवटी काय खाल्लं?'

'माझं नाव घेतलं का?'

'मग मला बोलावलं का नाहीस?'

खालचे तिन्ही फुगे कोरेच होते.

काकीला वाढवणला दिलेली एक थोरली बहीण आहे हे मला उडतउडत माहीत होतं. मंजुळा तिचं नाव. काकी तिचं नाव घ्यायची नाही, 'वाढवणची' म्हणायची. आई मंजुळामावशीकडे राहायची. त्याच्या नऊ वर्षं आधी भर पावसात आई तिथे वारली, आणि डहाणूला निरोप आला तो दुसऱ्या दिवशी. काकी पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. दाराशी उभ्या उभ्या ती परत फिरली आणि त्यानंतर दोघींत अवाक्षर नाही. वाढवण काही लांब नाही; रिक्षाने तासभरसुद्धा लागत नाही.

मी काही ठरवायच्या आत सावे सर मागे येऊन उभे राहिले होते. वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणं हा त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा. त्यांनी खोडरबर मागितला. मी दिला. त्यांनी पुस्तक जवळ घेतलं, पान वाचलं, खोडरबर हातातच धरून पुन्हा वाचलं. मग तो टेबलावर ठेवला आणि वाचनकक्षात पंख्याखाली बसलेल्या काकीकडे स्वतः गेले.

"चंपाबाई, पान अर्धवट ठेवता येणार नाही," ते म्हणाले. "पुसा, नाहीतर पुरं करा."

काकीचा चेहरा उतरला, मग चढला. तुमचं पुस्तक तुम्हाला लखलाभ, असं काहीतरी पुटपुटून ती चपला घालून निघून गेली. आठ दिवस फिरकली नाही. मला सरांचा राग आला होता आणि सरांना बहुधा स्वतःचा. ते त्या आठवड्यात माझ्याशी फारच सौजन्याने वागले. नवव्या दिवशी काकी आली. नवं लुगडं, ताजी वेणी. बसली नाही. पुस्तक दे, म्हणाली. सरांनी नोंदवहीत स्वतः लिहिलं: 'दुरुस्तीसाठी बाहेर.' सरांच्या हातून तेवढी एकच खोटी नोंद झालेली मला माहीत आहे.

पुढचं सगळं तिनेच मला नंतर सांगितलं, आणि तिच्याच पद्धतीने, म्हणजे मधूनच सुरुवात करून. ती वाढवणला पोचली तेव्हा मंजुळामावशी घराला कडी लावून बाहेर पडत होती. तिथे होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधात गावात सभा होती, आणि घरटी एक बाई गेलीच पाहिजे असं ठरलेलं. नऊ वर्षांनी बहीण दारात उभी, पण सभेला उशीर झालेला. मंजुळामावशीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती सभेकडे चालायला लागली. काकीला काय करावं कळेना. ती मागोमाग निघाली. दोन तास दोघी एकाच सतरंजीवर, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसल्या. उठताना कुणीतरी काकीच्या हातात फलक दिला. एका काखेत मत्स्यकन्या आणि दुसऱ्या हातात फलक अशी ती वाढवणच्या बायकांबरोबर गावातून फिरली, घोषणाही दिल्या. मासळीचा प्रश्न होता, त्यामुळे घोषणा देण्यात तिला काही अडचण वाटली नाही. तिचा आवाज चाळीस वर्षं बाजारात तयार झालेला. पुढे चालणारी मंजुळामावशी दोनदा मागे वळून बघती झाली.

घराशी आल्यावर मावशी पहिलं वाक्य बोलली. जेवून जा, म्हणाली.

जेवण झालं. कोलंबीचं कालवण होतं, आणि मीठ कमी होतं, हे काकीने मला आवर्जून सांगितलं. मग तिने पुस्तक काढून पुढे ठेवलं. मंजुळामावशीला वाचता येत नव्हतं. ती थोरली, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिली, म्हणून चंपा सातवीपर्यंत शिकली. काकीच्या हे घरून निघताना लक्षातच आलं नव्हतं. जे प्रश्न तोंडाने विचारायचे नाहीत म्हणून पेन्सिलीने लिहिले, ते आता तिलाच मोठ्याने वाचून दाखवावे लागले. एकेक वाचायचा आणि थांबायचं. मंजुळामावशी चित्राकडे बघत उत्तर द्यायची, आणि काकी ते खालच्या फुग्यात लिहायची. फुगे लहान, त्यामुळे उत्तरंही तेवढीच.

पुस्तक परत आलं तेव्हा सावे सर आणि मी ते पान एकत्रच वाचलं.

'आईने शेवटी काय खाल्लं?' खाली: 'पेज. दोन चमचे.'

'माझं नाव घेतलं का?' खाली: 'मलाच चंपी म्हणत होती. मी ओ देत होते.'

'मग मला बोलावलं का नाहीस?' खाली: 'माझं नाव कधी घेते, वाट बघत होते.'

सरांनी पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडून तारखेच्या कागदावर शिक्का मारला, तो नीट उमटला नाही म्हणून परत एकदा मारला, आणि पुस्तक बालविभागाच्या कपाटात सरळ उभं लावून ठेवलं. मुलं ते नेऊ लागली. एका चौथीतल्या मुलीने मला येऊन विचारलं की पुस्तकात चंपी नावाची कुणीच नाही, मग ही चंपी कोण? मी तिला पंख्याखाली बसलेल्या काकीकडे पाठवून दिलं. दोघींचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण ती मुलगी नंतर काकीचे पाय फार बारकाईने बघत होती.

त्यानंतर एकदा काकी मंजुळामावशीला घेऊन वाचनालयात आली. मावशी तिच्याहून उंच, हडकुळी, कमी बोलणारी. आपलं बोलणं कुठे छापलंय ते दाखव, एवढंच तिने मला सांगितलं. मी पान काढून दिलं. तिने तिन्ही फुग्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, यात मंजुळा कुठे लिहिलंय? मी पाहिलं. कुठेच नव्हतं. काकीही ओशाळली. तेवढ्यात सावे सरांनी खिशातली पेन्सिल काढून काकीपुढे धरली. चित्रातल्या थोरल्या मत्स्यकन्येच्या शेपटीखाली काकीने सावकाश, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, 'मंजुळा' लिहिलं. मावशी शेवटच्या अक्षरापर्यंत पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होती.

पुढे मला तलासरीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. काकीची खबर अधूनमधून कळायची. आता ती महिन्यातले पंधरा दिवस वाढवणला असते आणि बहिणीला वाचून दाखवते, असं सरांनी एकदा फोनवर सांगितलं. बहिणीला फक्त भांडणाच्या गोष्टी आवडतात, त्यामुळे पुस्तकं शोधता शोधता नाकी नऊ आलेत, अशी सरांचीच तक्रार होती. मग दिवाळीच्या आधी तिच्या जाण्याचा फोन आला. झोपेत गेली. वाढवणलाच होती.

मला ती शेवटची दिसली त्याआधीच्या चैत्रात, विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत. आम्ही दर्शन घेऊन खाली उतरत होतो. तलासरीची जीप भरत आली होती, नवरा हाका मारत होता. आकाशपाळण्यापाशी गर्दी होती म्हणून सहज वर पाहिलं, तर एका पाळण्यात या दोघी. काकीने डोळे गच्च मिटलेले आणि दोन्ही हातांनी बहिणीचा दंड धरलेला. मंजुळामावशी मात्र बाहेर वाकून डोंगर, हायवे, माणसं, सगळं बघत होती आणि काकीला एकेक सांगत होती. मी खालून हात हलवला, हाकही मारली, पण भोंग्यात ती कुणाला ऐकू जाणार? त्यांचा पाळणा खाली आला. पाळणेवाल्याने थांबवायला हात पुढे केला तसं मावशीने त्याला एक बोट दाखवलं, अजून एक फेरी. काकीने डोळे न उघडताच तिच्या दंडावर चापट मारली, आणि पाळणा दोघींना घेऊन पुन्हा वर निघाला.